जुनं विंडोज ठेवायचं, पण कुठल्या कामासाठी?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या वाचक आपल्या दिरांसोबत छोटा छापखाना आणि डीटीपी सेंटर चालवतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वाचनालयाची स्मरणिका, बिलबुकं अशी कामं. टायपिंगचं मुख्य मशीन विंडोज ७ वर आहे. त्यात पेजमेकर ७ (छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून मशीनला जोडायचा छोटा तुकडा) लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. बावीस वर्षांचं सगळं मॅटर त्याच मशीनवर आहे. व्हॉट्सअॅप वेब आणि बँकेचं कामही त्याच्यावरच चालायचं. आता बँकेची साइट उघडत नाही आणि ब्राउझर रोज तक्रार करतो. काउंटरवरचं दुसरं मशीन विंडोज १० चं आहे, ते विंडोज ११ घेत नाही. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, दोन्ही भंगारात काढा. दीर म्हणतात, अँटीव्हायरस आहे, इतक्या वर्षांत काही झालं नाही, पुढंही होणार नाही. या विचारतात: कुणाचं ऐकू? आणि नवं घेतलं तर जुन्या फायली उघडतील का?

ताई,

पत्रात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय: "मशीन तसं उत्तम चाललंय." भाचा आणि दीर दोघांच्या वादात हे वाक्य हरवलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मशीन चाललंय हे खरंच आहे. सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं त्या विंडोजची दुरुस्ती थांबवली, तरी मशीन बंद पडलं असं होत नाही. पेजमेकर काल जसा उघडत होता तसाच उद्याही उघडेल. पत्रिकेची सेटिंग, ट्रेसिंगची प्रिंट, यातलं काहीही मायक्रोसॉफ्टच्या अपडेटवर अवलंबून नाही. म्हणून "भंगारात काढा" हा सल्ला मला घाईचा वाटतो.

पण दिरांचं म्हणणंही मला मान्य नाही.

विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबर २००९ ला. सर्वसामान्य ग्राहकांसाठी सुरक्षेचे अपडेट थांबले १४ जानेवारी २०२० ला, आणि मोठ्या कंपन्यांना पैसे भरून मिळणारी मुदत संपली १० जानेवारी २०२३ ला. त्यानंतर काय होतं ते समजून घ्या. विंडोज १० किंवा ११ मध्ये एखादं भगदाड सापडलं की मायक्रोसॉफ्ट ते बुजवून अपडेट पाठवते. ते अपडेट जगातले चोरही उघडून बघतात आणि नेमकं काय दुरुस्त केलंय यावरून भगदाड कुठं होतं ते शोधून काढतात. विंडोजचा पुष्कळसा जुना भाग सगळ्या आवृत्त्यांमध्ये सारखाच असतो. म्हणजे नव्या विंडोजची प्रत्येक दुरुस्ती हा जुन्या विंडोजमध्ये कुठून शिरायचं याचा पत्ता ठरू शकते, आणि तुमच्या मशीनला ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही. अशा मशीनवर अँटीव्हायरसच्या भरवशावर राहणं म्हणजे कुलूप मोडलेल्या दारात राखणदार बसवणं. त्याचा उपयोग शून्य नाही, पण तो ओळखीच्या चोरांनाच अडवतो. शिवाय अँटीव्हायरसच्या कंपन्याही एकेक करून विंडोज ७ ला रामराम करताहेत. तुमच्याकडच्या अँटीव्हायरसचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते आजच बघा.

"इतक्या वर्षांत काही झालं नाही" याबद्दल २०१७ सालचं सांगते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. बाधित मशीनमध्ये बहुसंख्य विंडोज ७ होती. त्या वेळी विंडोज ७ चा सपोर्ट चालू होता आणि त्या भगदाडाची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. लोकांनी ती टाकली नव्हती, एवढंच. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याचा फटका थेट उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. ते टर्मिनल चालवणाऱ्या परदेशी कंपनीची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरची कामं हातानं करायची वेळ आली. या दोन्ही व्हायरसना माणसानं काही क्लिक करण्याची गरज नव्हती. एकदा नेटवर्कमध्ये शिरले की ते एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप उडी मारत होते. दीर कितीही जपून वापरत असले तरी अशा वेळी त्यांच्या जपण्याचा काही उपयोग होत नाही.

मात्र ज्या मशीनला नेटवर्कची वायरच नव्हती, त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

तुम्ही तिघंही त्या मशीनकडं एकच वस्तू म्हणून बघताय: ठेवायचं की काढायचं. प्रत्यक्षात त्यावर दोन वेगळी कामं चालतात. एक आहे सेटिंगचं. त्याला पेजमेकर, डोंगल आणि प्रिंटर लागतो, इंटरनेट लागत नाही. दुसरं आहे गिऱ्हाइकाशी आणि बँकेशी बोलण्याचं. त्याला इंटरनेट लागतं, पेजमेकर लागत नाही. ही कामं वेगळी केलीत की भाच्याची भीती आणि दिरांचा हट्ट दोन्हींतला खरा भाग राहतो आणि उरलेला गळून पडतो. विंडोज ७ चं मशीन आतल्या खोलीत सेटिंगपुरतं ठेवा आणि त्याची इंटरनेटची वायर कायमची काढा. नुसतं "वायफाय बंद करून ठेवलंय" असं नको, कारण घाईच्या दिवशी कुणीतरी ते चालू करतंच. वायफायची यूएसबी पट्टी असेल तर ती काढून ड्रॉवरमध्ये टाका. प्रिंटर यूएसबी केबलनं याच मशीनला राहू द्या.

पण वायर काढण्याच्याही आधी एक काम आहे, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही याची मला खरी काळजी वाटली. बावीस वर्षांचं मॅटर एका हार्ड डिस्कवर आहे. व्हायरस येईल की नाही हे नशिबावर आहे, हार्ड डिस्क उडणार हे नक्की आहे, फक्त कधी ते माहीत नाही. पुढची लग्नसराई सुरू होण्याआधी, शक्य असेल तर याच आठवड्यात, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणा. दोन्हींवर सगळ्या फायली कॉपी करा आणि एक घरी ठेवा, एक दिरांकडं. दुकानात दोन्ही ठेवू नका. भाचा आला की त्याच्याकडून जुन्या मशीनच्या आतल्या डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कलही काढून घ्या. क्लोनझिला नावाचं मोफत साधन त्यासाठी आहे. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, ड्रायव्हर सगळं जसंच्या तसं साठवलं जातं आणि डिस्क गेली तर दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतं. नुसत्या फायली वाचल्या आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर गेलं, तर त्या फायलींत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सॉफ्टवेअरच्या सीडी असतील तर त्यांच्याही कॉप्या काढा, कारण जुन्या सीडी वाचता येईनाशा होतात. आणि डोंगल मशीनच्या मागच्या बाजूला लावलेलं असेल तर पाय लागून तुटणार नाही असं लावा. ते मोडलं तर बाकीची सगळी तयारी अडून बसेल.

बँकेची साइट का उघडत नाही, तेही बघू. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून तो दरवाजा बंद झाला. फायरफॉक्सनं ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी बरीच लांबवली, पण तिच्यावर बँकेचं काम करू नका. काही वेळा कारण अगदीच क्षुल्लक असतं. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. मशीन सुरू केल्यावर ती दहा-पंधरा वर्षं मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरची रुपयाएवढी गोल बॅटरी, सीआर२०३२, संपलेली आहे. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं आणि "कनेक्शन खाजगी नाही" अशी सूचना येते. बॅटरी बदलायला पाच मिनिटं पुरतात. ती बदलाच, कारण फायलींवर तारखा बरोबर पडल्या नाहीत तर कुठला मसुदा नंतरचा हे कळायचं नाही. पण तारीख दुरुस्त होऊन साइट उघडली तरी बँकेचं काम तिथं परत नेऊ नका. ते काउंटरवरच्या मशीनवर.

आता त्या काउंटरच्या मशीनचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या अपडेटना एक वर्षाची वाढ जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवण्याची सोय दिसते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवायची तयारी असेल तर पैसे पडत नाहीत. मुदत शिल्लक असेल तर नोंदणी करून टाका, विचार करायला तेवढाच वेळ मिळेल.

ते मशीन विंडोज ११ का घेत नाही? टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) या अटी आहेतच, पण प्रोसेसरची पिढी ही खरी मेख. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. बॉक्सवर किंवा सिस्टिमच्या पानावर आय३-६१०० असं काही लिहिलं असेल, तर रेघेनंतरचा सहा म्हणजे सहावी पिढी. अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत आणि बाजारात कुणीतरी तुम्हाला "टाकून देतो, चालतंय" म्हणेलच. चालतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि अपडेटसाठीच तर तुमचा हा खटाटोप आहे. बिलं आणि बँक ज्या मशीनवर आहे तिथं हा प्रयोग नको. "लाइट" किंवा "घोस्ट" म्हणून मिळणारी फुकटची विंडोज आणि ती अॅक्टिव्हेट करून देणारी छोटी प्रोग्रॅम तर अजिबात नकोत. ज्या चोराला बाहेर ठेवायचं, त्यालाच आपण घराची किल्ली देतो.

त्याऐवजी दोन सरळ वाटा आहेत. तुमची बिलं एक्सेलमध्ये आहेत, बाकी व्हॉट्सअॅप, मेल, जीएसटीचं पोर्टल आणि बँक, म्हणजे सगळं ब्राउझरमध्ये. एवढ्या कामाला विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स मिंट पुरतं. ते मोफत आहे, चार जीबी रॅमच्या मशीनवर त्याची एक्सएफसीई आवृत्ती नीट चालते, आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी युनिकोड (कुठल्याही मशीनवर आणि मोबाइलवर सारखं वाचता येणारी अक्षरांची पद्धत) टायपिंगही होतं, त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आलेलाच असतो. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. असं चालवलं तर मशीनमधल्या विंडोजला हात लागत नाही. प्रिंटर, स्कॅनर आणि असेल तर डिजिटल सहीचं टोकन, हे तीन लावून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. तुमच्याकडं टॅली असती तर मी ही वाट सुचवली नसती, कारण टॅली विंडोजवरच चालते. दुसरी वाट म्हणजे मोठ्या ऑफिसांतून निघालेलं, तपासून विकलं जाणारं आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं मशीन घेणं. ते कोऱ्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतं. नवं कोरं घेण्याएवढं तुमचं काम मला दिसत नाही.

मग मॅटर आत कसं जाणार? गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतं तो काउंटरवर उतरवा, तिथंच युनिकोडमधून तुमच्या फॉन्टमध्ये बदला आणि एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हनं आत न्या. त्या पेनड्राइव्हला रंगीत पट्टी चिकटवा. बाहेर येताना त्याच्यावर फक्त पीडीएफ यावी. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आतल्या मशीनला कधीच लावायचा नाही, तो काउंटरवरच. सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस डीटीपीवाल्यांना नवा नाही, आणि तो इंटरनेटवरून नव्हे, असाच हातोहात आला. हा एक नियम दिरांनी पाळला तर माझं अर्धं काम झालं. आतल्या मशीनवर रोजच्या कामाला अॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातंही करून घ्या. मात्र पेजमेकर आणि डोंगल त्या खात्यात चालतात का ते आधी बघा, जुनी सॉफ्टवेअर कधीकधी तिथं अडतात.

तुमचा शेवटचा प्रश्न, जुन्या फायली नव्यावर उघडतील का. मला वाटतं खरी धास्ती तुम्हाला हीच आहे, विंडोजची नाही. सरळ सांगायचं तर आहेत तशा उघडणार नाहीत. पेजमेकर पुढं नेणं अॅडोबीनं कधीच थांबवलं. त्यांच्याच इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत, पुढच्या उघडत नाहीत. आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळं फाइल उघडली तरी आतलं मराठी तुमच्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही.

म्हणून मशीन चाललंय तोवर दोन गोष्टी करून घ्या. पहिली म्हणजे महत्त्वाच्या कामांच्या, अहवाल आणि स्मरणिकांच्या, फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवणं. त्यातून मजकूर कॉपी केला तर तो अगम्यच येईल, पण पान कुठल्याही मशीनवर आणि मोबाइलवर जसंच्या तसं दिसेल. दुसरी म्हणजे जो मजकूर पुन्हा वापरायचाय, उदाहरणार्थ पतसंस्थेच्या अहवालाचा साचा, नियमावल्या, पत्रिकांमधले नेहमीचे श्लोक, तेवढा युनिकोडमध्ये बदलून घेणं. सगळं बदलायला जाऊ नका, २००४ सालची हँडबिलं कुणाला लागत नाहीत. तुमच्या फॉन्टच्या कंपनीला विचारा, बदलून देणारं साधन आणि जुन्या डोंगलवर नवी आवृत्ती मिळते का ते. बदललेला मजकूर मात्र प्रूफ वाचल्याशिवाय वापरू नका. तपासायला एक कागद करून ठेवा: कार्यकर्त्यांच्या, दुसऱ्या, वाङ्मय, शृंगार, ज्ञानेश्वरी, कर्तृत्व. रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, "ऱ्या" मोडतो, वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. हे शब्द बरोबर आले तर बाकीचं बहुतेक बरोबर येतं. आकडे वेगळे तपासा. पतसंस्थेच्या ताळेबंदात एक आकडा बदलला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

नवी कामं आजपासून युनिकोडमध्येच लावायला सुरुवात करा. स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्या नव्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट लागतात. मुक्त किंवा टायरो देवनागरी मराठी असे सुरेख फॉन्ट कुणालाही विनामूल्य मिळतात. पत्रिकेचं नक्षीकाम त्यात लगेच जमणार नाही, म्हणून लेटरहेड आणि बिलबुकांपासून सुरू करा.

भाच्याला सांगायचं काम त्याच्या आवडीचं आहे. विंडोज ७ चं ते मशीन जसंच्या तसं व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) करून नव्या मशीनच्या आत चालवता येतं. डिस्क२व्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टचंच छोटं साधन चालू मशीनची डिस्क एका फायलीत उतरवतं आणि व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालवता येते. विंडोजचं लायसन्स तिथं पुन्हा अॅक्टिव्हेशन मागू शकतं, ते त्याला बघू दे. यूएसबी डोंगल आतल्या विंडोजकडं पोचवता येतं, पण प्रत्येक डोंगल ते मान्य करत नाही. प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारं डोंगल असेल तर ही वाट जवळजवळ बंदच समजा. जमलं तर एक दिवस मदरबोर्ड गेला तरी तुमचं काम थांबणार नाही. नाही जमलं तर त्याच पिढीचं एक चालू मशीन सुट्या भागांसाठी घेऊन ठेवा, आज ते मिळतं.

याच पेचात असलेले आणखी बरेच वाचक मला लिहितात: पॅथॉलॉजी लॅबच्या तपासणी यंत्राला जोडलेलं एक्सपी, भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर, वर्कशॉपमधला सीएनसी. त्यांनाही आधी बॅकअप, मग वायर, हाच क्रम लागू आहे. फक्त जिथं रुग्णाचे रिपोर्ट आत साठतात, तिथं यंत्र विकणाऱ्याला लेखी विचारा की नव्या विंडोजवर त्याचं सॉफ्टवेअर कधी देणार. लेखी उत्तर मागितलं की ते जरा हलतात. आणि बँकेचं काम मोबाइलवर नेणाऱ्यांनी मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघावी. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तिथंही हेच दुखणं आहे. एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ असं म्हणत थांबू नका.

ताई, जुनं मशीन कधी सोडायचं याची तारीख मायक्रोसॉफ्टला ठरवू देऊ नका, तुम्ही ठरवा. आतल्या मशीनशेजारी एक वही ठेवा आणि जुनी फाइल उघडावी लागली की कुठली आणि कशासाठी ते लिहीत जा. पुढच्या वर्षी त्या वहीत चार-पाचच नोंदी असतील तर तेवढ्या फायली युनिकोडमध्ये करून घ्या. मग मशीन ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात द्या, आतली हार्ड डिस्क आणि डोंगल मात्र काढून ठेवा.